तळघर आणि केरसुणी

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात माझी किंमत एकदम उतरते. एरवी मी घरातला वडीलधारा माणूस, चार शब्द बोललो तर निदान दोन ऐकले जातात. पण लक्ष्मीपूजनाच्या आधीचे आठ दिवस मी म्हणजे घरातले एक जास्तीचे कपाट. सौ. हातात केरसुणी घेऊन येते, मी बसलेल्या खुर्चीभोवती एक फेरी मारते आणि म्हणते, "उठता, की तुमच्यासकट झाडू?" या सदराच्या नेहमीच्या वाचकांना हे नवीन नाही. माझ्या पसाऱ्याबद्दल मी या पानावर इतक्या वेळा लिहिले आहे, की आता त्या लेखांचाच घरात पसारा झाला आहे.

पण यंदा एक आक्रीत घडले. आवराआवरीच्या पहिल्याच सकाळी मी आपण होऊन केरसुणी उचलली. सौ.ने आधी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मला केर काढण्याची बुद्धी कशी झाली, त्याची हकीकत सांगायची तर मला तुम्हांला पुण्याहून म्हसवडला, आमच्या जुन्या वाड्यात आणि त्या वाड्याच्याही पोटात, तळघरात न्यावे लागेल.

म्हसवड हे माणगंगेच्या काठचे गाव. सातारा-पंढरपूर रस्त्याने गोंदवले, दहिवडी मागे टाकले की पुढे लागते. जिल्हा सातारा, म्हणून पुण्याच्या लोकांना वाटते की हिरवेगार असेल. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वर आहे हे खरे. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. सह्याद्री सगळे ढग तिथेच रिकामे करून घेतो आणि आमच्या माण तालुक्याकडे नुसता वारा पाठवतो. आमच्याकडे पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक सिद्धनाथापुढे नारळ फोडतात. गावाजवळचा राजेवाडीचा तलाव १८७६-७७ च्या दुष्काळात, लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून खोदायला घेतला होता. ज्या मुलखात तलावसुद्धा दुष्काळातून जन्माला येतात, तिथली घरे कशी असणार? पोटात काहीतरी साठवून ठेवणारी!

आमचा वाडाही तसाच. बाहेरून घडीव दगड, आतून पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती. पुढे सोपा, मग माजघर, मागे परस. माजघराखाली तळघर आणि परसात एक पेव. शहरातल्या तरुण वाचकांसाठी सांगतो, पेव म्हणजे धान्य साठवायची जमिनीतली खोल खाच. तोंड एक माणूस उतरेल एवढेच, आतून घागरीसारखी फुगीर. आतून कडब्याचे अस्तर लावायचे, ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचे. हवा कोंडली की किडा जगत नाही आणि धान्य दोन-दोन वर्षे टिकते. तळघरात बियाणे, तांब्यापितळेची मोठी भांडी आणि चिंचेच्या गोळ्यांचे माठ असत. १९७२ च्या दुष्काळात दोन्ही रिकामी झाली. आई अजून सांगते, त्या साली अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी खाल्ल्या, आणि पेवात डोकावले तर आपलाच आवाज परत येई.

त्यानंतर पेव पुन्हा भरले नाही. धान्य पत्र्याच्या कोठ्यांत गेले. तळघरात मोडका पाळणा, फुटके रहाट, दादाच्या शाळेतले जुने नकाशे असा संसार जमला आणि एक दिवस त्याचे दार बंद झाले ते झालेच.

आता ते उघडायचे कारण सांगतो. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दादा-वहिनी तिच्यापाशी असतात. मी दर उन्हाळ्यात म्हणतो, "आई, पुण्याला चल," आणि ती दर उन्हाळ्यात म्हणते, "बघू पुढच्या वर्षी." वाड्याचे मातीचे माळवद गळायला लागले तेव्हा आम्ही शहाण्यासारखा त्यावर पत्रा घातला. गळती थांबली, पण चैत्र-वैशाखात दुपारी बारा ते पाच माजघरात बसवेना. मागच्या उन्हाळ्यात आईला दोनदा भोवळ आली. दुसऱ्या वेळी डॉक्टर मला फोनवर म्हणाले, "या वयात असा उन्हाळा आणखी एक काढणं कठीण आहे. काहीतरी करा."

दादाचे म्हणणे, वातानुकूलन यंत्र बसवावे. पण ऐन उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की ते यंत्र भिंतीवरच्या तसबिरीइतकेच उपयोगी. शेवटी आईच म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या आजेसासूबाई दुपारच्या तळघरात निजायच्या. तिथं पायाला गार लागतं."

झाले! माझ्या डोक्यात किडा शिरला. तळघर नीट करायचे, चांगल्या पायऱ्या, उजेड, वारा, एक पलंग. आणि एका कोपऱ्यात, म्हटले, माझी पुस्तकेही राहतील. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते मला महागात पडले.

होळी झाली आणि काम सुरू झाले. दादाने एक जुने गवंडी बोलावले. पासष्टीच्या आतबाहेरचे वय, अंगात बंडी, कमरेला ओळंबा. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. त्यांच्याबरोबर दोन बिगारी आणि एक हाताखालचा पोरगा.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी काहीच काम केले नाही. तळघराचे दार उघडले, समोरचा झरोका मोकळा केला, दारात पंखा लावला आणि म्हणाले, "दोन दीस कुणी आत जायाचं न्हाई." तिसऱ्या दिवशी दोरीला कंदील बांधून खाली सोडला. ज्योत नीट जळाली तेव्हा स्वतः उतरले. मला ही जुनी समजूत वाटली, पण तिच्यात शास्त्र आहे. कोंडलेल्या खाचेत धान्य श्वास घेत राहते, ओल असली तर जास्तच. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. पेवात घाईने उतरलेली माणसे अशीच गेलेली आहेत. कंदील विझला तर प्राणवायू कमी हे कळते, पण इतर विषारी वायू काही कंदिलाला कळत नाहीत. म्हणून दार उघडून दोन दिवस वारा खेळवणे हीच खरी युक्ती, कंदील नंतरचा.

चौथ्या दिवसापासून काम चालू झाले आणि माझा व मिस्त्रींचा वादही.

वाद केरावरून! रोज संध्याकाळी सव्वापाच वाजले की मिस्त्री हातातली थापी खाली ठेवत आणि सगळ्यांना कामाला लावत. पण कोणत्या? आधी पाणी शिंपडायचे. मग केर काढायचा. काढलेली माती चाळायची, खडे एका ढिगात, माती दुसऱ्या. खिळे, चुका, तारेचे तुकडे डब्यात. हत्यारे धुऊन, मोजून, भिंतीशी ओळीने. टिकाव दोन, पहार एक, फावडी दोन, घमेली सहा. सहावे घमेले सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे. हे सारे होईपर्यंत सहा वाजत.

मी मनाशी हिशेब केला. चार माणसांचा पाऊण तास म्हणजे रोजचे तीन तास. तीस दिवसांचे नव्वद! नव्वद तासांची मजुरी मी केराला देत होतो. मी त्यांना म्हणालो, "मिस्त्री, उद्या परत तिथंच खणायचं आहे ना? मग रोज रोज काय झाडता? शेवटी एकदाच काढू सगळा केर."

ते म्हणाले, "भाऊ, केर काढाय येळ लागतो हे खरं. पर पाय घसरून पडाय येळ लागत न्हाई."

"पण एवढं चाळायचं कशाला?"

"भाजी निवडल्याबिगर कुणी शिजवतं का?" एवढे बोलून ते माझ्या अंगावर शिंपडलेले पाणी उडवत पुढे गेले.

त्यांचे दुसरेही नियम होते. माल नेण्या-आणण्याची वाट एकच, परसाच्या दाराने. माजघरातून एक घमेलेही जाणार नाही. आईला दम्याची खोड आहे. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी वहिनीकडे एक जुनी, फाटकी घोंगडी मागितली, ती ओली करून जिन्याच्या तोंडाशी टांगली. दिवसातून दोनदा तिच्यावर पाणी मारत. संध्याकाळी ती घोंगडी परसात झटकली की धुरळ्याचा ढग उठे. तेवढा ढग रोज आईच्या छातीत गेला असता. पायऱ्यांवर ओली पोती अंथरलेली असत. त्यावर पाय पुसल्याखेरीज वर यायचे नाही. हा नियम बिगाऱ्यांना होता, मला होता, आणि एकदा पाहणीला आलेल्या दादालाही लागू झाला. तो मुख्याध्यापक होता. मुकाट्याने पाय पुसताना मी त्याला आयुष्यात प्रथम पाहिले.

एकदा पोरगा कोरडाच केर काढायला लागला. मिस्त्री एरवी आवाज चढवत नसत, पण त्या दिवशी त्याच्या हातातून केरसुणी हिसकावून घेतली. नंतर चहा घेताना मला म्हणाले, "माजा बा खाणीत दगड घडवायचा. पन्नाशीत खोकून खोकून गेला. टीबी टीबी म्हणून औषिद दिलं सगळ्यांनी. शेवटाला मिरजेच्या डाक्टरनी सांगितलं, दगडाची धूळ बसली आतमंदी, ती निघत न्हाई." या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. दगडाची अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात रुतते आणि कायमची राहते. तिच्यावर उतारा नाही. उपाय एकच, ती उडूच द्यायची नाही. आधी पाणी, मग केरसुणी. मी त्यानंतर नव्वद तासांचा हिशेब मोठ्याने बोललो नाही. पण मनातून गेला होता असेही नाही.

तळघरातून निघालेली माती कुठे टाकायची हाही प्रश्न होता. मिस्त्री म्हणाले, परसातले पेव बुजवून टाकू, लहान पोर पडायचे एखादे. पहिले घमेले ओतण्याआधी आई काठी टेकत परसात आली आणि तिने ओंजळभर शाळू पेवात सोडला. "रिकामं बुजवू नये," म्हणाली. मग तिथेच बाजेवर बसून शेवटचे घमेले पडेपर्यंत ती पाहत होती.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. तळघराची उंची, जमिनीपासून तुळईपर्यंत, पाच फूट तीन इंच. माझी पाच फूट नऊ. पहिल्या आठवड्यातच मी तीन वेळा डोके आपटून घेतले. मी म्हटले, "मिस्त्री, जमीन दीड फूट खाली घेऊ."

त्यांनी मान हलवली. "न्हाई जमायचं. ह्या भिंतीला पाया जिमिनीखाली हातभर बी न्हाई. पायाच्या खाली गेलं की भित लोंबकळती. मधीच खणायचं असलं तर जेवढं खोल तेवढं भिंतीपासनं लांब ऱ्हायाचं. मग मधी खड्डा आन् कडंनं कट्टा. असल्या खोलीत म्हाताऱ्या माणसाचा पाय मुरगळायचा."

मला ते पटले नाही. शिकलेल्या माणसाला न शिकलेल्या माणसाचे अनुभव नेहमी थोडे जास्तीचे वाटतात.

चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा आली. मिस्त्री दोन दिवस कावडीबरोबर गेले. जाताना सांगून गेले, "पोरं चुना चाळून ठेवतील. दुसरं काय करू नगा." मी बिगाऱ्यांना म्हटले, "चुना राहू द्या, मी सांगतो ते करा." ती बिचारी रोजंदारीची पोरे, मालक सांगतो म्हटल्यावर करणार. दोन दिवसांत आम्ही मागच्या भिंतीच्या कडेने सहा-सात फूट लांब, दीड फूट खोल जमीन उतरवली. काम झरझर झाले, कारण केर काढण्यात वेळ गेला नाही. निघालेली माती खोलीतच, समोरच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवली. फावडी ढिगात, पहार जिन्यावर. मी उतरलेल्या भागात ताठ उभा राहिलो आणि मला फार बरे वाटले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री आले, कपाळावर भंडारा तसाच. पायऱ्या उतरले, चर पाहिला. मला वाटले आता बोलतील. त्यांनी एवढेच विचारले, "काकी रातच्याला कुठं निजत्यात?"

मी वर बोट केले. माजघर. नेमके या भिंतीवर टेकलेल्या तुळयांच्या वर.

ते काही बोलले नाहीत. परसातून दोन वासे आणले, चराच्या वरच्या तुळईखाली टेकू दिले, पाचर ठोकली. मग, आणि हे मला अजून आठवते, त्या अवेळी त्यांनी केर काढायला घेतला. मी म्हणालो, "अहो, आता दिवेलागण झाली, ढीग उद्या हलवू." त्यांनी ऐकल्याचे दाखवले नाही. दोघा बिगाऱ्यांना हाका मारून आणले, सगळी माती बाहेर काढली, पाणी शिंपडले आणि कोपऱ्या-कोपऱ्यातून केरसुणी फिरवली. तळघराची जमीन सारवल्यासारखी स्वच्छ झाली. मग वर येऊन निवांत चहा प्यायले. मला वाटले, राग शांत झाला.

चहा झाल्यावर बॅटरी घेऊन पुन्हा खाली गेले. मलाही हाक मारली. बॅटरीचा झोत त्यांनी समोरच्या कोपऱ्यात टाकला. जिथे मघापर्यंत माझा ढीग होता, तिथे भिंतीच्या बुडाशी, नुकत्याच झाडलेल्या काळ्या ओल्या जमिनीवर, पांढऱ्या मातीची एक बारीक रेघ पडली होती. कोणी बोटाने रांगोळी ओढावी तशी.

"अर्ध्या तासात पडली ही," ते म्हणाले. "खणलं तुमी तिकडं, पर भित हिकडं बोलाय लागली."

मला तेव्हा कुठे उमगले. चराजवळच्या टेकूंनी एका तुळईचा भार घेतला होता, पण पायाशी आधार सुटलेली भिंत कोपऱ्यापासून सरकत होती. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा याच कोपऱ्यात एक भेग पडली होती आणि आजोबांनी ती नुसती लिंपून घेतली होती, हे आईने नंतर सांगितले. ढीग तिथे तसाच असता तर ती पांढरी रेघ मातीत माती होऊन गेली असती. ब्रह्मदेवालाही दिसली नसती.

पुढचे दोन तास धावपळीचे गेले. आईला उठवून सोप्यात आणले. दादाने शेजारून आणखी वासे मागून आणले. मिस्त्रींनी प्रत्येक तुळईखाली टेकू दिला. वहिनी कंदील धरून उभी होती. मी पाचरी देत होतो आणि माझे हात कापत होते. हत्यारे ओळीने, मोजून ठेवलेली होती म्हणून अंधारात हवी ती वस्तू एका हाकेत सापडत होती, हे त्या गडबडीतही माझ्या लक्षात आल्यावाचून राहिले नाही.

रात्री दोनच्या सुमाराला, पोते ओतावे तसा आवाज झाला. सकाळी पाहिले तर त्या कोपऱ्यातले तीन-चार हात रुंदीचे दगड निसटून तळघरात आले होते. तुळया टेकूंवर उभ्या होत्या. वर माजघरात, आईच्या पलंगाच्या जागी, जमीन चार बोटे खचली होती. टेकू नसते, पलंग तिथे असता आणि पलंगावर आई असती तर... ते वाक्य मी आजवर पुरे केलेले नाही.

मी सोप्यात आलो. आई जपमाळ घेऊन बसली होती. मी तिला सगळे कबूल केले. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "तुला वाकायचं नव्हतं, होय रे?"

माझी आई चार फूट नऊ इंच आहे. पाच फूट तीन इंचाच्या तळघरात ती ताठ चालते. खोली तिच्यासाठी होती, उंची मात्र माझ्यासाठी चालली होती. हे एवढे साधे गणित मी नव्वद तास मोजणाऱ्या डोक्याने कधी केले नव्हते.

त्यानंतर मी मिस्त्रींच्या कामात तोंड घातले नाही. भिंत दगड-चुन्याने पुन्हा चढली. चर भरून, चोपून जमीन पूर्ववत झाली. गिलावा चुन्याचाच केला, सिमेंटचा नाही. जुन्या मातीच्या भिंतीवर सिमेंट थापले तर आतली ओल कोंडते आणि भिंत आतून कुजते. चुना सावकाश वाळतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन पिऊन दगडासारखा होतो आणि भिंतीची ओल बाहेर पडू देतो. पायऱ्या पूर्वी दहा-दहा इंचांच्या होत्या, त्या सहा इंचांच्या केल्या. लाकडी कठडा वहिनीने स्वतःच्या पैशांतून करवला. म्हसवडला १९९७ साली बायकांनी बायकांसाठी काढलेली माणदेशी महिला सहकारी बँक आहे, तिथे तिचे खाते आहे आणि त्या खात्याबद्दल दादालाही विचारायची सोय नाही. दोन बाजूंना झरोके ठेवले म्हणजे वारा आरपार खेळतो. विजेच्या तारा नळीतून नेल्या आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच लावला, कारण ओल आणि वीज यांचे जन्माचे वैर.

अक्षय्यतृतीयेला आई प्रथम खाली गेली. एक हात कठड्यावर, एक वहिनीच्या खांद्यावर. पलंगावर बसली, पाय जमिनीला टेकवले आणि बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "गार लागतं." वर पत्रा तापून तडतडत होता. त्या उन्हाळ्यात तिला एकदाही भोवळ आली नाही.

शेवटच्या दिवशी मिस्त्रींचा हिशेब चुकता करताना मी म्हणालो, "मिस्त्री, केराच्या वेळेचं मी मागं बोललो ते विसरा." ते हसले. "आवं, स्वच्छ जिमीन आरशावाणी असती. काय हललं, काय सांडलं, सगळं दावती. घाणीत म्हंजी आंधळ्याचा कारभार."

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी तळघर नसेल. पण स्वयंपाकघरातला ओटा बदलणे, न्हाणीघराच्या फरशा काढणे, ही कामे ब्लॉकमध्येही निघतातच. तेव्हा गवंड्याशी बोलणी करतानाच रोजचा केर कामात धरा आणि त्याचे पैसे आनंदाने द्या. कामाच्या खोलीच्या दारात ओला कपडा टांगा. राडारोड्याची वाट एकच ठेवा. कोरडा केर काढू देऊ नका. आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या झाडलेल्या जमिनीकडे एकदा नीट पाहा. नळाखाली ओल दिसेल, भिंतीखाली पूड दिसेल, लाकडाखाली वाळवीची माती दिसेल. पसाऱ्यात यातले काहीच दिसत नाही. आणि ज्या कामात कोणी तुम्हांला "इथे खणू नका" म्हणेल, तिथे त्याचे शिक्षण विचारू नका, कारण विचारा.

परवा वहिनीचा फोन आला होता. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहून तिची लक्ष्मी म्हणून पूजा करायची आपली रीतच आहे. यंदा आईने दोन केरसुण्या आणायला सांगितल्या आहेत. एक घराची, एक तळघराची. "त्या केरसुणीनं माझा पलंग हलवला," म्हणते. तुळशीच्या लग्नाला, म्हणजे तिकडे सिद्धनाथाच्याही लग्नाला, आम्ही म्हसवडला जाणार आहोत. देवदिवाळीचा रथ पाहूनच परतू. मिस्त्रींना जेवायला बोलावले आहे. माझी पुस्तके मात्र पुण्यातच आहेत. तळघरातला तो कोपरा आईने मोकळाच ठेवायला सांगितला आहे, भिंतीचे बूड दिसत राहावे म्हणून.

तर सौ.ने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, इथपर्यंत मी आलो होतो. ताप नाही म्हटल्यावर तिने मला दिवाणखाना नेमून दिला. मी आधी पाणी शिंपडले, मग अर्धा तास खपून सगळी खोली झाडली आणि दारात उभा राहून म्हणालो, "बघ, आरसा!"

तिने एक नजर फिरवली. "पलंगाखालचं राहिलं," म्हणाली.

मी निमूटपणे वाकलो. आता सवय झाली आहे.